पोटात आलं का, काकू?

आमच्या वर राहणारा शौकत ‘बरं आहे का’ असं कधी विचारत नाही. जिन्यात भेटला की माझ्या तोंडाकडे टक लावून विचारतो, “काकू, काल पोटात आलं का?”

नवा माणूस घाबरतो. शौकतला म्हणायचा असतो बेस, म्हणजे गाण्यातला तो खालचा घुमारा. बेस कानात नाही, पोटात यायला पाहिजे, असं त्याचं मत. माझ्या पोटात भाकरी येते, तेवढं मला पुरे.

शौकत चाकणच्या एका कंपनीत प्रेसवर पत्रे दाबतो. वीस वर्षं झाली. सुट्टीला लग्नाच्या बँडमध्ये सिंथ वाजवतो. सिंथ म्हणजे पट्ट्या आणि गोल बटणं असलेला लोखंडी खोका, दोघांनी उचलावा असा. यंदा बँडवाले म्हणाले, “भाई, टेम्पोत जागा न्हाई. तोच आवाज लॅपटॉपमध्ये मिळतो. खोका विकून टाक.” पिंपळे गुरवचं गिऱ्हाईकही त्यांनीच शोधलं. रविवारी येणार होतं.

मग आमच्या काळेवाडीच्या बिल्डिंगमध्ये परीक्षा सुरू झाली. आधी खोका वाजवायचा, मग लॅपटॉप, आणि धावत खाली यायचं.

“काकू, मांडणीवरची ताटं कशाने जास्त हलली?”

“दोन्हीने. एक वाटीपण पडली.”

“खोक्याने ना?”

“मांजराने.”

आवाज बंद कर म्हणून मी झाडूच्या दांड्याने छत ठोकायची, तर तो वाढवायचा. वर गावभर सांगायचा, “काकूंनी दाद दिली!”

शनिवारी सकाळी भांडायलाच वर गेले. दार उघडं होतं. शौकत खोक्याशी बसलेला आणि त्याच्या पाठीमागे हातभरावर कुकर शिट्टीवर शिट्टी मारत होता. डाळ जळल्याचा वास सुटला होता. मी पुढे होऊन गॅस बंद केला, तेव्हा त्याने वळून पाहिलं.

“बहिरा झालास काय रे?”

“वरचे, बारीक आवाज गेले काकू. प्रेसच्या दणक्याने खाल्ले. खालचे तेवढे येतात.” त्याने एक बटण हळूच फिरवलं. “आवाज किती बदलला ते हे बोटाला सांगतं. लॅपटॉपवर सगळं गुळगुळीत. दुसऱ्याला विचारावं लागतं.”

“मग बँडवाल्यांना सांग की.”

“सांगितलं तर खोक्याआधी मला काढतील.”

एकटा माणूस, बँड गेला तर सुट्टीत करणार काय?

“उद्या गिऱ्हाईक येतंय,” तो म्हणाला. “आता दोन्ही वाजवतो. ज्याचं पोटात येईल त्याला दांडा ठोका, फरशीतून मला कळतं. दोन्ही सारखे निघाले तर खोका देऊन टाकतो.”

खाली आले. खोका वाजला. ताटं हलली. मी दांडा ठोकला.

मग लॅपटॉप वाजला. ताटं तितकीच हलली.

मी दांडा दाराआड उभा केला आणि पीठ मळायला घेतलं.