उलटं बारसं

येत्या शनिवारी लेकीचं, मृण्मयीचं, नाव सरकारजमा होणार होतं आणि त्यानंतर बाराव्या दिवशी ती जन्मलेलीच नसणार होती, या काळजीने ऋताला आठवडाभर झोप नव्हती. बाकी घरात सगळं ठीक होतं.

देशाने मागे वळायचं ठरवलं तेव्हा मृण्मयी सव्वातीन वर्षांची होती. आता देश सव्वातीन वर्षं मागे येऊन तिच्या जन्मतारखेला टेकला होता, आणि ती मात्र साडेसहा वर्षांची होऊन पहिलीत बसत होती. यात चूक कोणाचीच नव्हती. वाढ थांबवण्याचं परिपत्रक वेळेवर निघालं होतं, पण मुलांनी ते वाचलं नव्हतं. सूर्यालाही पश्चिमेकडून उगवण्याबाबत कळवलं होतं. त्याचं उत्तर अजून यायचं होतं.

मागे जाण्यामागे विचार होता. लांब उडी मारणारा माणूस आधी मागे सरकतो, मग धावत येतो, मग उडी घेतो. देशाला भविष्यात लांब उडी मारायची होती, म्हणून त्याने आधी सुवर्णकाळापर्यंत मागे सरकायचं होतं. सुवर्णकाळ नेमका कुठल्या साली होता हे ठरवायला सात पक्षांची समिती बसली. सात पक्षांनी सात सालं दिली. शेवटी, तो आणखी मागे आहे, एवढ्यावर एकमत झालं आणि देश निघाला. लोक रोज सकाळी कॅलेंडरचं पान फाडण्याऐवजी एक जुनं पान खळ लावून चिकटवू लागले. रविवारनंतर शनिवार येऊ लागला. शाळकरी मुलांची त्याला हरकत नव्हती.

ऋतानेही मागे जाण्याच्या बाजूनेच बटण दाबलं होतं. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली बाई, चार माणसांत विचार करून बोलणारी. पण मतदानाच्या आदल्या दिवशी मृण्मयीला ताप होता, आणि रांगेत उभ्या उभ्या ऋताला वसतिगृहातली आपली खाट आठवली. खिडकीजवळची. त्या खाटेवर ती सलग नऊ तास झोपत असे आणि उठल्यावर गरम चहा गरम असतानाच पीत असे. तिच्यापुरतं देशाचं भवितव्य त्या खाटेने ठरवलं. आपल्या एका मताने काय फरक पडणार होता, असं ती आता स्वतःला समजावत असे. पण समजावताना तिचा हात मृण्मयीच्या केसांतून फिरत असे, आणि मग ते फारसं पटत नसे.

मंदार, तिचा नवरा, म्हणाला, "अप्पा बघतील ना."

अप्पा म्हणजे ऋताचे सासरे. ते नगरपरिषदेच्या जन्ममृत्यू नोंदणी विभागात मुख्य लिपिक होते. होते म्हणजे, निवृत्त झाले होते; पण देश मागे येता येता त्यांची निवृत्तीची तारीख ओलांडून गेला, तेव्हा ते निरोप समारंभातली शाल आणि भिंतीवरचं घड्याळ परत करून पुन्हा रुजू झाले. त्या दिवसापासून ते दहा वर्षांनी तरुण दिसत. मागे जाण्याने कोणाचं भलं झालं नाही असं म्हणणाऱ्यांना ऋता अप्पांकडे बोट दाखवू शकली असती.

सोमवारी सकाळी अप्पा बाह्यांची बटणं लावत होते तेव्हा तिने धीर केला.

"अप्पा, एक विचारू?"

"घरातलं की ऑफिसातलं?"

"ऑफिसातलं."

"मग साडेदहाला ये. तीन नंबरची खिडकी."

ती गेली. रांगेत पाऊण तास उभी राहिली. अप्पांनी मान वर न करता विचारलं, "पूर्ण नाव?"

"ऋता मंदार दिघावकर."

"राहणार?"

"तुमच्याच घरी, अप्पा."

अप्पांनी पत्ता न विचारता लिहिला. तेवढी सवलत त्यांनी दिली.

"कशाला हरकत घ्यायची आहे?"

"माझी मुलगी जन्मलेली नसण्याला."

"कारण?"

ऋताला कारण इतकं उघड वाटत होतं की ते शब्दांत कसं मांडायचं हे सुचेना.

"कारणाच्या रकान्यात 'माया' लिहू नका, बाई," अप्पा म्हणाले. "गेल्या महिन्यात त्यावर अकरा अर्ज फेटाळलेत. काहीतरी तांत्रिक लिहा."

"दुपारची ती तुमच्याच कुशीत झोपते ना?"

अप्पांचं पेन जरा थांबलं. "ते घरातलं झालं," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस? नाव दिलेल्या मुलांची भावी पिढी निवासात सगळी सोय आहे. बाजार समितीचं गोदाम रंगवून घेतलंय. गाद्या आल्यात, पंखे येतायत. देश परत आला की जिचा तिचा जन्म होईल."

"कधी येईल परत?"

"जायला शंभर वर्षं धरली, तर यायलाही शंभर धर."

"तेव्हा ती दोनशे सहा वर्षांची असेल, अप्पा."

"मग काय, मोठी झालेली असेल. आपलं आपण बघेल."

खिडकीच्या वर मोठी पाटी होती: 'जे चाललंय ते भावी पिढीसाठीच.' ऋताने ती दोनदा वाचली.

नियम तसा सोपा होता. नाव असलेली नोंद खोडता येत नाही, म्हणून आधी नाव परत घ्यायचं. ज्या आत्याने बारशाला नाव ठेवलं, तिनेच ते घ्यायचं. आणि मुलाने ते स्वतःहून आत्याच्या कानात द्यायचं. ज्यांच्या आत्या हयात नाहीत त्यांना हा नियम लागू नव्हता. तो निघाल्यावर साठीच्या पुढच्या मंडळींनी आठवड्याभरात आपापल्या आत्यांच्या मृत्यूचे दाखले काढून नेले. अप्पांनी आपल्या आत्याचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला होता. त्यामुळे सुवर्णकाळात कोण कोण पोहोचणार याची यादी आताच तयार होती, आणि त्यात सगळी अनुभवी माणसं होती.

घरी येऊन ऋताने नणंदेला फोन लावला.

"स्नेहलताई, शनिवारी तुम्ही आलाच नाहीत तर?"

"अगं वहिनी, त्यासाठी विशेष रजा मंजूर झालीये मला. नाही गेले तर बिनपगारी होईल. मला काय हौस आहे का?"

"उद्या तुमच्या ओमवर वेळ आली तर?"

"त्याला अजून पाच वर्षं आहेत. तोवर सरकार बदलेल."

"ताई, आपण मागे चाललोय. बदललं तरी आधीचंच येईल."

फोनवर कपाट उघडल्याचा आवाज आला. मग स्नेहलताई म्हणाली, "बरं, साडी कुठली नेसू? बारशाला नेसले होते तीच लागते म्हणे. तिचं पोलकं मला दंडात चढत नाही."

शनिवारी रिक्षात मृण्मयी पाय हलवत बसली होती. खोटं नाव सांग, असं तिला शिकवावं का, यावर ऋताने तीन दिवस विचार केला होता. मुलांना खोटं बोलायला शिकवू नये, असं तिने वाचलं होतं. मुलांना सरकारजमा होऊ द्यावं का, याबद्दल त्या पुस्तकांत काही नव्हतं.

"आई, आत्याला माझं नाव सांगायचंय?"

"सांगायचं नाही. देऊन टाकायचं."

"मग माझ्याकडे काय राहणार?"

मुलांच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्यावीत, असंही तिने वाचलं होतं. ती म्हणाली, "पेढा देतात."

आणि असं म्हणाल्याबद्दल पुढचा सगळा रस्ता तिने स्वतःच्या तोंडात मनातल्या मनात मारून घेतली.

नगरपरिषदेच्या सभागृहात सरकारी पाळणा मांडला होता. मृण्मयी त्यात मावेना, म्हणून तिला शेजारी खुर्ची दिली. बारशाच्या घुगऱ्या आज वाटायच्या नव्हत्या. ज्यांनी त्या वेळी खाल्ल्या होत्या त्यांनी वाटीभर परत आणायच्या होत्या, आणि बऱ्याच जणांनी आणल्या होत्या. बारशात नाव ठेवल्यानंतर आत्याच्या पाठीवर धपाटे घालतात, ते आज आधी घालण्यात आले. शेजारच्या दोन बायकांनी ते जरा जास्तच मनापासून घातले. अप्पा टेबलाशी वही उघडून बसले होते. वहीतली साडेसहा वर्षांपूर्वीची नोंद त्यांच्याच अक्षरात होती. त्या दिवशी त्यांनी नातीची नोंद दुसऱ्या कोणाला करू दिली नव्हती.

स्नेहलताईने न चढणारं पोलकं सांभाळत वाकून कान पुढे केला.

"कुर्रर्र... दे गं सोन्या, आत्याने दिलेलं नाव आत्याला परत दे."

ऋताचे दोन्ही हात पर्सच्या पट्ट्यात अडकले होते. अजूनही काही बोलता आलं असतं, एक खूण करता आली असती. तिला काहीच सुचलं नाही. एवढं शिकून ऐन वेळी आपण दर वेळी अशाच उभ्या राहतो, हे मात्र सुचलं.

मृण्मयीने आत्याच्या कानाकडे पाहिलं. मग पेन्सिल मागणाऱ्या वर्गमैत्रिणीला सांगावं तसं सरळ मोठ्याने सांगितलं,

"आत्ता नाही देता येणार. मी वापरतेय."

कोणीतरी खोकलं. अप्पांनी नियमांचं पुस्तक काढलं. पानं पुढे उलटली, मागे उलटली. नमुन्यात दोनच पर्याय होते: 'परत मिळाले' आणि 'मिळाले नाही, कारण द्यावे'. दुसऱ्यावर आजवर कोणी खूण केली नव्हती, कारण पेढा चांगला असे.

"कारण?" अप्पांनी ऑफिसातल्या आवाजात विचारलं.

"सांगितलं ना अप्पा, वापरतेय. सगळीकडे लिहिलंय मी."

हे खरं होतं. तिला ते लिहिता येऊ लागून महिना झाला होता आणि तेव्हापासून ते पाण्याच्या बाटलीवर, कंपासवर, बुटांच्या तळव्यांवर आणि अप्पांच्या छत्रीवर होतं.

अप्पा वहीकडे बघत राहिले. मग रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'नाव वापरात आहे.' हे कारण माया नव्हतं. तांत्रिक होतं. शिक्का मात्र त्यांनी नेहमीपेक्षा जोरात मारला.

एका तारखेची सगळी प्रकरणं निकाली निघाल्याशिवाय दुसरी तारीख लावायची नाही, असा कायदा होता. कोणालाही सोडून जाणार नाही, असं निवडणुकीत वचन दिलं होतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशीही शनिवारच निघाला. तिसऱ्या दिवशीही. कॅलेंडरची खळ डब्यात वाळून गेली. शाळा रोज अर्धा दिवस भरू लागली. सातही पक्षांनी हा विलंब इतर सहा पक्षांमुळे झाल्याचं पत्रक काढलं आणि आठव्या शनिवारी त्यातल्या दोघांना वाटू लागलं की सुवर्णकाळ कदाचित हाच असावा. तसा प्रस्ताव समितीपुढे गेला.

अकराव्या शनिवारी राजधानीतून एक उपसचिव घरी आले. सभ्य गृहस्थ होते. दारात बूट काढून आत आले, चहाला नको म्हणाले आणि फाइल मांडीवर घेऊन मृण्मयीसमोर जमिनीवरच बसले. अप्पा उभे राहिले होते. ऋता स्वयंपाकघराच्या दारात कप धरून होती. यांना काय उत्तर द्यायचं ते आपण मुलीला शिकवलेलं नाही, हे तिच्या लक्षात आलं. या वेळी तिने शिकवायचं नाही असं ठरवलं.

"बाळा," उपसचिव म्हणाले, "अख्खा देश तुझ्यासाठी थांबलाय. घाई अशी नाही, पण मला वर लेखी कळवावं लागतं. तुझं नाव वापरून साधारण कधी होईल?"

मृण्मयीचा पुढचा एक दात पडला होता आणि ती दुसरा बोटाने हलवत होती. तिने बोट तोंडातून काढलं, फ्रॉकला पुसलं आणि विचार केला.

"मला काय माहीत, काका?" ती म्हणाली. "मी पहिल्यांदाच मोठी होतेय."