विनाव्यवस्थापन वाढलेल्या जंगलाबाबत

जंगल आपोआप वाढते, हा अत्यंत घातक गैरसमज आहे. जंगल आराखड्याने वाढते. आमच्या दीर्घकालीन वनसंवर्धन कार्यालयाकडे एका सार्वजनिक जंगलाचा शंभर वर्षांचा आराखडा असून तो दर तीन वर्षांनी नव्याने सुरू होतो (त्यामुळे शंभर वर्षे कायम शिल्लक राहतात). या जंगलात आजमितीस त्रेसष्ट फलक, चार निरीक्षण मनोरे आणि नऊ झाडे आहेत. नऊही झाडांची प्रकृती दर सोमवारी नोंदवली जाते. इतकी काळजी आमच्या घरी सासऱ्यांचीही घेतली जात नाही.

कुंपणापलीकडे शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचे खाजगी जंगल होते. तिथे झाडे इतकी दाट, की मोजणीला गेलेला आमचा माणूस वाट चुकला आणि आम्हाला ‘आकडेवारी अनुपलब्ध’ असा शेरा मारावा लागला. बेजबाबदार मालकीचे हे पहिले लक्षण. साहेबांनी मला फॉर्म देऊन पिटाळले.

बाई मशीनवर बसल्या होत्या, तोंडात टाचण्या.

“चाळीस वर्षांत जंगलासाठी काय काय केलंत?” मी विचारले.

त्यांनी टाचण्या काढल्या. “काही नाही.”

“काही नाही म्हणजे? विरळणी, खत, फवारणी?”

“अहो, काही नाही म्हणजे काही नाही. वडील सांगून गेले, कुणाला हात लावू देऊ नकोस. नाही लावू दिला.”

“तसा रकानाच नाही हो फॉर्मात.”

“मग आखा की एक. पट्टी देऊ?” त्या म्हणाल्या. मग मशीनवरचा कपडा उचलून दाखवत, “हे बघा, अंगाला बसलेला कपडा मी उगाच उसवत नाही. तुम्हीही नका उसवू. तेवढं एकच आहे माझं.”

खरे सांगतो, मला ते पटले. पण फॉर्मात त्यालाही रकाना नव्हता.

तीस दिवसांच्या मुदतीत बाईंनी व्यवस्थापनाचा एकही पुरावा दिला नाही (झाडे दाखवली, ती ग्राह्य धरता येत नाहीत). नियमानुसार जंगल आमच्या ताब्यात आले आणि रीतसर देखभाल सुरू झाली. पाहणीला रस्ता हवा, म्हणून रस्त्यातली झाडे गेली. रस्त्याने ट्रक आले, आणि ट्रकला वळायला जागा ही लागतेच. मग जंगल नीट दिसावे म्हणून मनोरा उभारला. वर चढल्यावर कळले, की दिसण्याच्या आड झाडेच येत आहेत. तीही अडचण दूर केली. उरलेली सतरा झाडे मी पाच मिनिटांत मोजली. आकडेवारी उपलब्ध झाली आणि साहेबांनी माझी पाठ थोपटली.

जंगल जनतेसाठी खुले केले त्या रविवारी अकराशे नागरिक आले. बाईही आल्या, पण फाटकातच थबकल्या.

“इतकी माणसं आलीत,” त्या म्हणाल्या, “एकजण तरी विचारेल, इथली झाडं कुठं गेली म्हणून.”

त्यांचे समाधान व्हावे म्हणून मी सूचनावही उघडली. एकूण नोंदी नऊशे चाळीस. पार्किंगमध्ये सावली नाही, अशी तक्रार नऊशे अडतीस जणांची (उरलेले दोघे घाईत होते, त्यांनी नुसतीच सही केली). बाईंनी सगळी पाने शेवटपर्यंत उलटली, वही माझ्या हातात दिली आणि निघून गेल्या.

वाचकहो, बाराव्या पानावर आपलीही तक्रार आहे. अक्षर सुरेख आहे हो आपले. तिची तातडीने दखल घेण्यात आली असून पार्किंगवर पत्र्याचे छप्पर मंजूर झाले आहे. त्याच्या खांबांना जागा हवी होती. ती उरलेल्या सतरा झाडांतून काढून दिली आहे.