सेसिलियाच्या दारावरची फुली

खुनी ओळखावा तर दुर्गानंच! असं दुर्गाचंच मत होतं. "पहिल्या दहा मिनिटांत सांगते," ती नवऱ्याला, चिंतामणीला म्हणायची, "पोलिसांना उगाच शेवटपर्यंत पगार देतात!"

त्या दुपारी तिनं मोबाइलवर एक जुनापुराणा गुप्तहेरपट लावला होता. टीव्हीसाठी काढलेला, कृष्णधवल. त्यातला खुनी एकामागून एक माणसं मारायचा, पण आधी त्यांच्या दारावर खडूनं फुली काढून जायचा. ऐन रंगात दुर्गाला कोथिंबीर आठवली. ती बाहेर पडली आणि शेजारच्या सेसिलियाच्या दाराशी थिजलीच. चौकटीवर खडू! आकडे, फुल्या, मध्येच सी, एम, बी!

"अहो, उठा! सी म्हणजे सेसिलिया, एम म्हणजे तिचा मुलगा मार्क!"

"आणि बी?" चिंतामणीनं कूस बदलली.

"भाडेकरू! म्हणजे आपण!"

"मग माझं झोपेतच उरकायला सांग."

दुर्गा दिवाळीतच लालबागहून खोताच्या वाडीत राहायला आली होती. आल्या दिवशी भरला डबा घेऊन आली ती सेसिलियाच. अशी शेजारीण हातची घालवायची? दुर्गानं डोकं लढवलं. खूणच नसली तर खुनी येईल कुठल्या घरी? बादली, फिनेल, फडकं! सेसिलियाचं दार लख्ख झालं. पुढे बघते तर आणखी दारांवर तेच! मेल्यानं आख्खी वाडीच मारायला काढलीय! वाडी जेवून आडवी झालेली. दुर्गानं पदर खोचला आणि दारं अशी घासली, की एका दाराचा रंगसुद्धा फडक्याबरोबर आला.

संध्याकाळी सेसिलियाच्या ओट्यावर ही गर्दी! सेसिलिया डोळे पुसत होती. "तीन राजांच्या सणाचा आशीर्वाद गो! फादर सकाळी घरोघर त्या राजांची आद्याक्षरं नि वर्षाचा आकडा लिहून गेले. सोमवारी ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि कोणीतरी पुसून टाकला!"

"वाडी रिकामी करायला टपलेल्या बिल्डरची माणसं!" तिचा नवरा ग्रेगरी काठी आपटत उठला. "चौकीवरच जातो."

दुर्गानं फिनेलचा वास येणारे हात पदराखाली लपवले. गप्प राहिली असती तर सुटली असती. पण ग्रेगरी तो दुखरा गुडघा ओढत पायरी उतरायला लागला, आणि तिला ते बघवेना.

"ग्रेगरीदादा, थांबा. बिल्डर नाही. मी पुसलं."

"तू? कशाला गो बाय?" सेसिलियाचा हुंदका अर्ध्यावरच राहिला.

"तुम्हाला... कोणी मारू नये म्हणून."

मग खडू, फुली, भाडेकरू, सगळं सांगावं लागलं. वाडी खो खो हसली. दुर्गाला वाटलं, त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं!

रविवारी फादर पुन्हा आले. दुर्गा दारोदार स्टूल धरून उभी, मान खाली. "आता देव डबल पावेल," ग्रेगरी म्हणाला, तेव्हा कुठे सेसिलिया हसली. "ये गो, तो तुझा पिक्चर तरी पुरा बघू."

सगळे तिच्या घरात मोबाइलभोवती बसले. शेवटी खुनी सापडला. गल्लीतली एक प्रेमळ शेजारीण! दर खुनानंतर बादली-फडकं घेऊन दारं पुसणारी!

सगळ्या माना दुर्गाकडे वळल्या.

"दहा मिनिटांत ओळखते म्हणे," चिंतामणी पुटपुटला.

सेसिलियानं उठून आपली फिनेलची बाटली उचलली आणि कपाटावर, दुर्गाचा हात पोचणार नाही अशी ठेवून दिली.