नवव्या टोपलीचा अभिप्राय

म्हसवडच्या पुढे एखाद्या माळावर भर दुपारी डोळ्यांना पंचा बांधून, हात मागे घेऊन ताडताड चालणारा सत्तरीचा माणूस दिसला, तर घाबरू नका. ते आमचे शेजारी सुभेदार बापू. ते अभिप्राय तपासत असतात.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मात्र चांगलीच घाबरले होते. सरळ एका खडकाच्या रोखाने निघालेला माणूस खडकाच्या हातभर अलीकडे थांबला, डावीकडे वळला आणि पुन्हा चालू लागला. खडकाला काय कळलं असेल ते कळो, मला तर घामच फुटला.

साताऱ्यात निवृत्त फौजींच्या कॉलनीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण, आता निवृत्त, म्हणून बापूंच्या तोंडी मी नुसती 'बाई'. म्हसवडच्या पुढे त्यांचा वडिलांपासूनचा माळ आहे. दगड, कुसळं आणि चार बाभळी, एवढंच पीक. त्यांची मुलगी बंगळुरात नोकरीला. तिकडे तिला चकतीचा एक खेळ लागला आणि एका सुट्टीत तिने या माळावर नऊ लोखंडी टोपल्या रोवल्या. टोपलीवर साखळ्या लोंबतात. लांबून फेकलेली चकती साखळ्यांवर आपटते आणि टोपलीत पडते. कमीत कमी फेकींत नऊ टोपल्या पुऱ्या केल्या की झाला खेळ. मुलगी गेली, टोपल्या राहिल्या. मग शनिवार-रविवारी पुण्याची पोरं आणि कवठे महांकाळकडचे पवनचक्क्यांवरचे इंजिनीअर खेळायला येऊ लागले. मेंढरंवाले मात्र माळ टाळायला लागले. वारा पडलेला असला तरी साखळ्या वाजतात, असं ते सांगतात. ते खरं आहे, मी ऐकलंय.

खेळून गेलेली माणसं त्या खेळाच्या साइटवर मैदानाबद्दल अभिप्राय लिहितात. प्रत्येक अभिप्रायाखाली दोन बटणं असतात, 'उपयोगी' आणि 'निरुपयोगी'. तुम्हीआम्ही अशा बटणांकडे ढुंकूनही बघत नाही. बापूंनी निवृत्तीनंतरचं आयुष्य त्यांना वाहिलं आणि माळावर पत्र्याची शेड टाकून बायकोसह तिथेच मुक्काम ठोकला; साताऱ्याला कामापुरतं येणं. फौजेत पुढे जाऊन वाट बघून यायची आणि मागच्या तुकडीला सांगायची, हे त्यांचं काम होतं.

"मागच्या माणसाला डोळं झाकून चालता आलं, तर ती खबर," ते म्हणायचे. "न्हाईतर नुसत्या गप्पा."

म्हणून तो पंचा. अभिप्राय दुसऱ्याने मोठ्याने वाचायचा आणि बापूंनी त्याबरहुकूम चालायचं. ठेच लागली नाही, तर 'उपयोगी'. वाचायला बहुधा साताऱ्याहून मीच जायची, कारण मालनकाकू, म्हणजे त्यांची बायको, त्या शेडमधून बाहेरच यायच्या नाहीत. "ह्या वयात ताटल्या फेकत्यात, आन वर परीक्षा घेत्यात. बाई, तुमी तरी नादाला लागू नगा," असं म्हणून त्या भाकरी थापायला बसायच्या.

एकदा मी वाचलं, "फारच मस्त जागा! नक्की भेट द्या."

बापू जागचे हलले नाहीत. "मस्त म्हंजे किती पावलं?"

"ते दिलेलं नाही, बापू."

"मग मी हितंच हुबा ऱ्हातो."

आणि राहिले. मी 'निरुपयोगी' दाबून टाकेपर्यंत दहा मिनिटं उन्हात सावधान!

त्यांचे नियम कडक होते. पटलं म्हणून बटण दाबायचं नाही. लिहिणारा गोड बोलतो म्हणून दाबायचं नाही. एका पोराने लिहिलं होतं, "पाणी नाही, सावली नाही, मालक खडूस." बापूंनी ते तीनदा वाचून घेतलं आणि खुशीत 'उपयोगी' दाबलं. "पुढचा गडी पाण्याची बाटली घिऊन ईल का न्हाई? मग झालं तर. खडूस तर खडूस." आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे आपल्या माणसाला मत द्यायचं नाही. सांगलीच्या मेहुण्याने प्रेमाने लिहिलं, "भूलोकीचा स्वर्ग." बापूंनी नियमाप्रमाणे मत दिलं नाही, वर फोन करून तो का निरुपयोगी आहे ते सविस्तर सांगितलं. मेहुणा दर वर्षी बेदाण्यांचा खोका पाठवायचा. त्या वर्षी खोका आला नाही.

गेल्या साली मालनकाकू गेल्या. तेरावं झालं आणि बापू पुन्हा म्हसवडला निघून गेले ते आलेच नाहीत. महिन्याभराने त्यांचा फोन आला. "बाई, येक अभिप्राय तपासायचा हाय. मला जमंना. तुमी या."

मी एसटीने गेले. बापू वाळले होते. पाणी दिलं, बसा म्हणाले आणि मोबाइल माझ्या हातात दिला. अभिप्राय जुना होता. लिहिणारीने नाव घातलं होतं 'माळावरची'. मी वाचला:

"पहिल्या टोपलीपासून बाभळीपर्यंत चव्वेचाळीस पावलं. मग खडक, डावीकडनं जावं. पाचवीला उतार आहे, घाई करू नये." असं करत करत नऊही टोपल्यांचा हिशेब. आणि शेवटी, "नवव्या टोपलीला जाताना मागं कुणीतरी चालतंय असं वाटतं. आपण थांबलं की ते थांबतं. भिऊ नये. ते काही करत नाही. सोबतीला असतं."

दुपारचे बारा वाजत आले होते.

खाली 'निरुपयोगी'ची रांग लागली होती. पोरांची पावलं या मापात बसेनात आणि शेवटच्या ओळीला त्यांनी हसून घेतलं होतं. अजून एकदोघांनी तसंच दाबलं असतं, तर साइटने तो अभिप्राय झाकून टाकला असता.

"मालनचा हाय," बापू म्हणाले. "तिच्या मोबाइलात ह्येच नाव घावलं."

काकू तर शेडबाहेर येत नव्हत्या!

"मी दुपारचा आडवा झालो की उठून जायची. रोज नऊ टोपल्या चालायची, येकटी. मला वाटायचं, हसायला नगं म्हणून चोरून जाती. डाक्टर म्हणाला हुता, चक्कर येती, येकटं सोडू नगा. पण संगं येतो म्हणलं असतं, तर म्हणली असती, मी काय आजारी हाय व्हय? मग मी चपला काढायचो आन मागनं जायचो. ती थांबली की मी थांबायचो. दोन वर्सं, बाई. तिनं कवा मागं बघितलं न्हाई."

"म्हणजे हे सोबतीला असतं ते..."

"तेच तर कळंना. तिला ठावं हुतं का, ते मीच हाय?"

बापूंनी त्याचीही परीक्षा योजली होती. आपल्या माणसाला मत द्यायचं नाही, म्हणून त्यांना बटण दाबता येत नव्हतं. आणि त्यांच्या ढांगांना ही मापं बसत नव्हती. माझं पाऊल काकूंएवढं. मी डोळे बांधून चालायचं, ते शेडपाशी बसून खोकत राहणार, म्हणजे ते मागे नाहीत याची मला खात्री. नवव्या टोपलीला मागे काही ऐकू आलं नाही, तर काकूंनी बापूंचीच पावलं ऐकून लिहिलं होतं. ऐकू आलं, तर ते माळाचंच काहीतरी, येईल त्याच्या मागे चालणारं. मग अभिप्राय सगळ्यांसाठी खरा, उपयोगी, पण त्यात बापू कुठेच नाहीत.

"आन खरं तेच सांगा," ते म्हणाले. "माज्याकडं बघून न्हाई."

मी मनात ठरवून टाकलं होतं की काहीही झालं तरी 'काही ऐकू आलं नाही' म्हणायचं. अभिप्राय गेला तर जाऊ दे. म्हातारपणी माणसाला एवढं तर मिळावं.

बापूंनी माझ्या डोळ्यांना पंचा बांधला. अभिप्राय मी पाठ केला होता, मोजत निघाले. चव्वेचाळिसाव्या पावलाला बाभळीचा काटा पदराला लागला. खडक आला, उतार आला, सगळं जिथल्या तिथे. गेलेल्या बाईच्या पावलांवर पाऊल टाकत मी चालले होते आणि मला रडू येत होतं. लांबून बापूंचं खोकणं ऐकू येत होतं, इमानदारीत, ठरावीक वेळाने. वारा पडला होता. आठवी टोपली मागे पडली आणि तिच्या साखळ्या वाजल्या. हळू, कुणीतरी जाता जाता हात लावावा तशा.

मग मागे कुसळं मोडली.

मी चालले, ते चाललं. मी थांबले, ते थांबलं. पावलं अनवाणी होती, एवढं मला कळलं. तेवढ्यात शेडकडून, पार लांबून, बापू खोकले. पंचा ओढून काढावा असं फार वाटलं, पण काढवला नाही. "भिऊ नये," मी मोठ्याने म्हणाले आणि उरलेली बावीस पावलं मोजून टोपलीला हात टेकला. मग पंचा काढला. माळ रिकामा होता.

परत आले तेव्हा बापू उभे होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझा चेहरा वाचला. तरी मी म्हणालेच, "काही नव्हतं, बापू."

"बाई."

एवढंच म्हणाले. माझ्याने पुन्हा खोटं बोलवेना.

"होतं," मी म्हणाले. "थांबलं की थांबत होतं."

ते मटकन बाजेवर बसले. मला स्वतःची चीड आली. हे सांगायला मी साताऱ्याहून आले होते काय? मग त्यांनी पंच्याने तोंड पुसलं.

"मी दोनदा गेलो न्हाई तिच्या मागं," ते म्हणाले. "येकदा ताप हुता, येकदा सातारला पेन्शनच्या कामाला. ते दोन दिस मला लय खात हुते. येकटी गेली आसंल म्हणून." थोडं थांबून म्हणाले, "येकटी न्हवती म्हणायची. बरं झालं. दाबा बाई. उपयोगी हाय."

मी दाबलं.

यंदा बापू माळावरच राहतात. मध्यंतरी मी गेले तेव्हा बारा वाजले होते. बापू शेडमध्ये नव्हते. लांब आठव्या टोपलीच्या पुढे दिसले, डोळे उघडे, पाय अनवाणी. त्यांच्या उंचीला मुळीच न शोभणारी लहान लहान पावलं टाकत होते. मध्येच थांबले. मान थोडी कलती केली, काहीतरी ऐकल्यासारखी. मी हाक मारणार होते, पण मारली नाही.

मग मागे वळून न बघता ते पुढे चालू लागले. सावकाश, मागच्याला गाठता येईल अशा बेताने.