वेबरसाहेबांचं बक्षीस

नागपूरच्या महाल भागातल्या शाळेच्या बक्षीस समारंभाला त्या साली, म्हणजे एकोणसत्तरला, चक्क जर्मन पाहुणा यायचा होता. वेबरसाहेब कुठल्याशा गिरणीत यंत्र बसवायला नागपुरात आले होते. हेडमास्तर दत्तोपंतांनी त्यांना गाठलं आणि आठवडाभर शिक्षकांना एकच ऐकवलं, “जर्मन माणूस म्हणजे वेळेचा पक्का हो!” मग पत्रिकेत चारची वेळ छापून ते स्वतः पाचला आले. पत्रिकेतली वेळ ही आंघोळीला जायची वेळ असते, एवढं तेव्हा साऱ्या महालाला कळत होतं.

वेबरसाहेब मात्र ठीक चारला हजर. मांडवात शिपाई लहानू एकटाच सतरंज्या अंथरत होता. साहेबांनी कोट काढला आणि दुसरं टोक धरलं. काम संपल्यावर लहानूच्या हातावर आठ आणे ठेवून ते म्हणाले, “वर्क, बक्षीस. गुड!” हा शब्द त्यांना मुंबईच्या हॉटेलात कुणीतरी शिकवला होता. इथे जो तो बक्षीस मागेल, पण कामाशिवाय कुणाला देऊ नका, अशी तंबीही दिली होती.

सहाच्या सुमाराला मांडव भरला. पुढच्या रांगेत तुळसाबाई होत्या. त्यांची गोपिका हस्ताक्षरात पहिली आली होती आणि टेबलावरचा चकचकीत स्टीलचा डबा तिचा होता. गोऱ्या साहेबाच्या हातून पोरीला डबा मिळणार, हे तुळसाबाईंनी गल्लीभर सांगितलं होतं आणि त्यासाठी कामावर खाडाही केला होता.

दत्तोपंत बोलायला उठले आणि ऐनवेळी त्यांना ‘प्राइझ’ हा शब्द आठवेना. मग त्यांना वाटलं, साहेबलोकही बक्षीसच म्हणतात की!

“सर, नाऊ यू प्लीज गिव्ह बक्षीस टू चिल्ड्रन.”

साहेबांनी पाहिलं, तर रांगेत उभी मुलं हात पुढे करून तयार! त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

“नो वर्क, नो बक्षीस!”

“काय म्हणून राहिला गा हा?” तुळसाबाईंनी लहानूला विचारलं.

“काम दाखवल्याबिगर हा सायब देत नाही,” लहानू जाणत्याच्या थाटात म्हणाला. “म्या सतरंज्या टाकल्या, तवा मले देल्लं. गोपिके, फळ्यावर लिहून दाखव वं!”

गोपिकेने मंचावरच्या फळ्यावर मोत्यासारख्या अक्षरात ‘सुस्वागतम्’ लिहिलं. साहेबांना हायसं वाटलं. त्यांनी खिशातून रुपया काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. डबा टेबलावर तसाच राहिला.

तुळसाबाई ताडकन उठल्या. “माह्या पोरीनं भीक मांगतली का? एवढ्या लोकाईत हातावर रुपाया ठेवून राहिला!” मंचावर चढून त्यांनी तो रुपया डब्यात टाकला आणि डबा साहेबांच्या हातात कोंबला. “हा घ्या तुमचा रुपाया. अन् हा डबा! हा द्या तिले, हा!”

तेवढ्यात फोटोवाल्याने फोटो काढला.

साहेबांनी डब्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. या देशात मागणारेच भेटतात, असं त्यांना सांगितलं होतं. देणारं कुणी भेटेल, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, डबा छातीशी धरला आणि जाऊन बसले. लहानूने टाळी वाजवली, तसा मांडव कडाडला.

“मागू का हो परत?” दत्तोपंतांनी हळूच विचारलं.

तुळसाबाईंनी पोरीच्या पडलेल्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचाही जीव तुटला. “राहू द्या, गुर्जी. पाहुण्याले देल्लेलं वापस कसं मांगावं? त्याचे डोये तं पाहा.”

दुसऱ्या दिवशी दत्तोपंतांनी घरचा लाडवांचा डबा रिकामा करून गोपिकेला दिला आणि महिनाभर बायकोची बोलणी खाल्ली. तुळसाबाई गल्लीत सांगत सुटल्या, “सायबानं कायचं देल्लं! सायबालेच बक्षीस म्या देल्लं!”

पुढे गोपिका त्याच शाळेत शिक्षिका झाली. तेव्हा दत्तोपंत नव्हते, लहानूही नव्हता, आणि समारंभाला मंत्र्यांशिवाय कुणी चालत नव्हतं. तो फोटो मात्र हेडमास्तरांच्या खोलीत टांगलेला होता. खाली दत्तोपंतांच्याच हातची ओळ होती : ‘पहिले बक्षीस स्वीकारताना श्री. वेबर.’

दरवर्षी एखादं नवं पोर विचारायचं, “बाई, हा गोरा कशात पहिला आला होता?”

“हस्ताक्षरात,” गोपिकाबाई न हसता सांगायच्या.