तीन वाडगी आणि चोरीची वेळ

एका जंगलात मांजरांचं एक घर होतं. घर म्हणजे अर्जुनाच्या झाडातली ढोली. तुम्ही म्हणाल, मांजरं जंगलात कशाला राहतील? बरोबर आहे, मुलांनो. पण मी आता सुरुवात करून बसले आहे.

घरात चार जण होते. रेवती नावाची मांजरी, तिचा नवरा भास्करराव बोका, तिच्या सासूबाई आणि बारकू नावाचं तिचं पिल्लू.

चौघांपैकी तिघांना पथ्य होतं. सासूबाईंची मूत्रपिंडं थकली होती, म्हणून त्यांना माशाचं पातळ, अळणी पाणी. भास्कररावांचं पोट चालताना जमिनीला लागायचं, म्हणून त्यांना चार नाकतोडे, तेही पाय काढून. बारकूच्या मात्र बरगड्या मोजता यायच्या. त्याला अंड्याचा बलक घातलेली उंदराची कलेजी, दिवसातून तीनदा.

रेवतीला पथ्य नव्हतं. ती जेवते का, हेच कुणी विचारलं नव्हतं.

जंगलाचे वैद्य होते धनेशबुवा. चोच मोठी, त्यामुळे बोलणंही मोठं. त्यांनी बारकूला वेलींच्या तराजूत बसवलं आणि दुसऱ्या पारड्यात कवठं टाकली. बारकू अडीच कवठांचा भरला.

"महिन्याभरात थंडी पडेल," धनेशबुवा म्हणाले. "त्याच्या आत तीन कवठं झाला पाहिजे. एवढ्या बारीक पिल्लांना थंडी झेपत नाही. गेल्या वर्षी त्या नाल्यापलीकडच्या..."

"सांगू नका," रेवती म्हणाली.

रेवती शिकलेली होती. शिकलेल्या आईला भीती वाटली की ती तक्ता करते. तिने सागाचं मोठं पान आणलं आणि नखांनी रकाने ओढले. कुणाचं वाडगं कुठे, किती वाजता, कुणी कुणाकडे पाठ करून बसायचं. हसू नका. घरी जाऊन फ्रिजचं दार बघा.

रोज तीनदा ती बारकूसमोर बसायची.

"हा घास खारूताईचा."

"खारूताई कलेजी खाते?" बारकू विचारायचा.

"नाही. बरं, हा वाघोबाचा."

"मग त्यालाच दे."

आणि तोंड बंद. रेवती गाणं म्हणायची, रागवायची, माफी मागायची. वाडगं तसंच राहायचं. मग भास्करराव हळूच यायचे.

"टाकवत नाही गं," म्हणायचे आणि वाडगं चाटून पुसून ठेवायचे.

तीन आठवडे झाले. भास्कररावांना ढोलीच्या दारातून आडवं होऊन जावं लागू लागलं. बारकू होता तसाच.

एका दुपारी रेवती ओढ्यावरून मासे घेऊन लवकर परतली. पाहते तर बारकूचं वाडगं सासूबाईंच्या पुढ्यात! सासूबाईंचे डोळे मिटलेले. आणि बारकू पोटावर सरपटत येतोय, घास पळवतोय, मुळाआड जाऊन खातोय. पुन्हा येतोय. वाडगं जवळजवळ रिकामं.

"सासूबाई! तुम्हाला कलेजी वर्ज्य आहे!"

"मी कुठे खातेय?" सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "मी राखण करतेय. जरा वाईट करतेय, इतकंच. अगं, याला दिलेलं नको असतं. याचा बाप असाच होता."

"किती दिवस चाललंय हे?"

"चार. तू मासे आणायला गेलीस की. आता आलीस तशी पुन्हा जा."

दुसरी कुणी असती तर गेली असती. रेवतीने सागाच्या पानावर चौथा रकाना ओढला. चोरी: सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा. खाली बारीक अक्षरात: सासूबाईंनी डोळे मिटणे.

दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला ती उभीच होती.

"चल बाळा, चोरीची वेळ झाली. हळू सरपट. शाब्बास! आता पळव. पळताना नीट चावून खा हं."

बारकू थांबला. त्याने आईकडे पाहिलं, मग वाडग्याकडे.

"मला चोरायची भूक नाही," तो म्हणाला.

दुपारीही नव्हती. संध्याकाळीही नव्हती.

"घातलास घोळ," सासूबाई म्हणाल्या. आता त्यांनी कितीही डोळे मिटले तरी बारकू येईना. आजीही तक्त्यात आहे, हे त्याला कळलं होतं.

दोन दिवसांनी सकाळी गवतावर पांढरं दव जमलं. बारकू कुडकुडत होता. रेवतीने कलेजी केली, त्याच्यापुढे ठेवली, त्याने मान फिरवली. तेव्हा तिच्यातलं सगळं बळ संपलं. तिने वाडगं ओढलं, सगळ्यांकडे पाठ केली आणि स्वतःच खाऊ लागली. इतके दिवस ती ही कलेजी करत होती, चव आज पहिल्यांदा कळली. छान झाली होती. ती भुकेली होती, हेही आजच कळलं. ती चक्क गुरगुरत खात होती.

तिच्या कुशीखालून एक बारीक पंजा आला. एक तुकडा गेला. मग दुसरा.

वळून बघावं असं तिला वाटलं. किती घेतला? चावतोय ना? बलक वर लागलाय, तो घेतोय की बाजूला काढतोय? तिची मान वळायलाच आली होती.

"अगं," भास्करराव म्हणाले, "तो बारकू तुझ्या वाडग्यातून..."

"अहो, गप्प बसा," रेवती दात न उघडता म्हणाली आणि समोरच्या झाडाच्या सालीकडे बघत राहिली. आयुष्यात तिने एवढं लक्ष देऊन कुठलीच साल पाहिली नव्हती.

असं रोज तीनदा, आठवडाभर.

मग धनेशबुवा तराजू घेऊन आले. एक कवठ, दोन, तीन. पारडं डुललं, थांबलं आणि सरळ झालं.

"काठावर आहे," बुवा म्हणाले, "पण भरला. हिवाळा काढेल. काय केलंस गं?"

रेवतीने विचार केला. खरं सांगितलं, तर उद्यापासून जंगलातल्या सगळ्या आया ठरलेल्या वेळी पाठ फिरवतील. आणि पिल्लांना ते लगेच कळेल.

"तुम्ही सांगितलंत तसंच, बुवा," ती म्हणाली. "तक्ता केला."

धनेशबुवांना फार आनंद झाला. आज त्या जंगलात प्रत्येक झाडावर तो तक्ता टांगलेला आहे. चार रकान्यांसकट.

तात्पर्य: मुलांनो, चोरी करणं वाईट नाही. पकडलं जाणंही तितकं वाईट नाही. वाईट एवढंच, की आईने त्यात रस घ्यावा. म्हणून हे तात्पर्य आईला वाचून दाखवू नका. ती लिहून ठेवेल.