बिनबंदुकीचं लढाऊ विमान

पुराव्याशिवाय देवेंद्रकुमार कुणाच्या बापाचं ऐकत नसे!

शिरपूर जैनला मंदिराच्या रस्त्यावर त्याचं भांड्यांचं दुकान. "शेठ, हा डबा तुमच्याच दुकानातला, झाकन बसून नाई राह्यलं," असं म्हणत कुणी आलं, की हा चष्मा कपाळावर चढवून विचारणार, "पुरावा?" घरात बायको, रुचिका, नुसतं "आज लई उकडून राह्यलं" म्हणाली, तरी हा गृहस्थ मोबाइलवर तापमान पाहिल्याशिवाय पंखा वाढवायचा नाही.

ही खोड त्याला विमानांनी लावली होती. खोक्यातून प्लास्टिकचे सुटे भाग येतात; ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की जुन्या महायुद्धातलं एखादं विमान तळहातावर उभं! दुकानावरच्या खोलीत बसून तो ही विमानं बनवायचा आणि कोणत्या कंपनीचा संच कसा आहे, याचं परीक्षण यूट्यूबवर करायचा. भांड्यांवर नावं कोरून कोरून हात असा बसला होता, की एवढ्याशा वैमानिकाच्या मिशीलाही त्यानं पीळ दिला असता.

बघणारे फार नव्हते. पण त्यातला एकच सगळ्यांना भारी होता. अकोल्याचे दौलतसिंग! हवाई दलातून निवृत्त झालेले, एकाहत्तरच्या लढाईत विमानांची दुरुस्ती केलेले. प्रत्येक व्हिडिओखाली त्यांची एक ओळ ठरलेली असे. 'डाव्या चाकाचे झाकण उलटे बसवले आहे. पुरावा जोडला आहे.' ती ओळ आली, की देवेंद्रकुमारला जेवण गोड लागायचं नाही.

अशात परदेशातल्या एका छोट्या कंपनीनं त्याला आपणहून संच पाठवला. फुकट! परीक्षणासाठी! पसंत पडलं तर पुढचेही पाठवू, असंही कळवलं. विमान कोणतं, तर फिनलंड देशाचं मिर्स्की. विमानवेड्यांना विचारा, त्यांच्यातलेही निम्मे डोकं खाजवतील.

"रुचिका, रविवारी चार वाजता लाइव्ह करतो," त्यानं जाहीर केलं. "दौलतसिंगनं एक चूक काढून दाखवावी. दुकानावरची पाटी उतरवून ठेवीन!"

"अन् निंघाली तं?"

"मी पुराव्याशिवाय रंगाचा थेंब लावत नाई!"

आणि संचही तसाच होता हो! दोन भाग जवळ आणले, की ते एकमेकांत असे बसायचे, की सांधा शोधायला बोट फिरवावं लागे. वैमानिकाच्या डोक्यावरची काच इतकी पातळ, की आतल्या घड्याळाचे काटे मोजावेत. खऱ्या मिर्स्कीचे पंख लाकडाचे होते आणि ओलाव्यानं त्यांचा डिंक सुटायचा. वैमानिक बिचारे जीव मुठीत धरून उडायचे. हा संच मात्र त्या खऱ्या विमानापेक्षा मजबूत निघाला. देवेंद्रकुमार त्याच्या प्रेमात पडला. गिऱ्हाइकाला गंज-पातेली दाखवतानाही त्याचा जीव वरच्या खोलीत असायचा.

त्याच्या आईचं, भागिरथीबाईंचं मत वेगळं होतं. या सगळ्या उद्योगाला त्या 'डबड्यायचे इमानं' म्हणत आणि दिवस मावळायच्या आत जेवायला बोलावण्यापुरत्याच वर येत. त्या शनिवारी त्या आल्या, तेव्हा देवेंद्रकुमार पंखावर चिन्ह बसवत होता. त्या काळी फिनलंडच्या हवाई दलाचं चिन्ह होतं निळं स्वस्तिक. काही देशांत ते छापायला कायद्याची अडचण. म्हणून कंपनीनं प्रत्येक स्वस्तिक दोन तुकड्यांत दिलं होतं. दोन ओले, कागदाहून पातळ तुकडे बरोबर जुळवायचे! श्वास रोखून, चिमट्यानं!

"अगो माय! हे तं आपलं स्वस्तिक!" भागिरथीबाई दारातच थबकल्या. "हे इमान आपल्या लोकायचं हाय काय रे?"

चिमट्यावर ओलं स्वस्तिक असताना माणूस बोलत नाही. देवेंद्रकुमारनं नाकातून फक्त "हं" केलं.

त्या "हं"नं घात केला!

रविवारी दुपारी तो दुकानात बसला असताना शेजारचे पुंजाजी बादली घ्यायला आले. बादली घेतली, बोटानं वाजवून पाहिली आणि जायचं सोडून देवेंद्रकुमारकडे कौतुकानं बघत उभे राहिले.

"शेठ, विदेशात जैनायचं हवाई दल हाय म्हनते! अन् तुमी आमाले सांगतलं बी नाई!"

"कोन म्हनते? पुरावा?"

"पुरावा मले काय मांगता? वरतं जा ना! रांग लागली हाय!"

देवेंद्रकुमार जिन्यानं धावत वर गेला. मागोमाग बादलीसकट पुंजाजी. खोलीत गल्लीतल्या सगळ्या बाया जमलेल्या! मध्ये चौरंग, चौरंगावर तांदूळ, तांदळावर मिर्स्की, शेजारी श्रीफळ. यात्रेला आलेली दोन अनोळखी कुटुंबंही हात जोडून उभी होती. पण देवेंद्रकुमारनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला तो पंख पाहून. प्रत्येक निळ्या स्वस्तिकावर केशर-चंदनाचे तीन ठिपके आणि त्यावर चंद्रकोर!

"आई! हे काय करून ठेवलं!"

"तुनं अर्धवटच सोडलं होतं," भागिरथीबाई शांतपणे म्हणाल्या. "तीन ठिपके नाई, वर चांद नाई. असं असते काय आपलं स्वस्तिक? मी पुरं करून देल्लं."

त्यानं घाईघाईनं ओला कापूस उचलला.

"पुसून तं पाह्य!"

सगळ्या बायांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की कापूस आपोआप खाली आला. तेवढ्यात रुचिका मोबाइल धरून पुढे झाली. "अवो, चार वाजले. चालू केलं मी. दौलतसिंग आले सुद्धा!"

झालं! देवेंद्रकुमारनं विमान उलटं धरलं आणि पोटाकडून परीक्षण सुरू केलं. पंखांची वरची बाजू कॅमेऱ्याला दिसूच द्यायची नाही, असा त्याचा बेत. चाकं दाखवली, शेपूट दाखवलं, सांधे दाखवले. आणि दाखवता दाखवता गडी रंगात आला! संचच तसा, तोंड थांबेना.

"आणि मंडळी, हे नाक पाहा! या चार मशीनगनच्या नळ्या! सुईएवढ्या, पण टोकाला भोक सुद्धा पाडलंय! वाहवा!"

मागच्या बायांचे जोडलेले हात सुटले.

"मशीनगन?" भागिरथीबाईंचा आवाज आला. "कायले?"

"आई... लढाऊ इमान हाय ते. महायुद्धातलं."

"कोनासंग लढत होतं?"

"आधी रशियावाल्यायसंग," पुराव्याला पक्का असलेला देवेंद्रकुमार खोटं बोलू शकला नाही. "मंग जर्मनीवाल्यायसंग."

"म्हंजे दोघायसंगही!" भागिरथीबाईंनी कपाळाला हात लावला. "आपन पानी गाळून पेतो. रस्त्यानं मुंगी पाहून पाय टाकतो. अन् आपलं इमान मान्सायवर गोया झाडून राह्यलं? काहून रे, तू तं म्हनला आपल्या लोकायचं हाय!"

"मी फक्त हं म्हनलो!"

"मंग हं म्हंजे 'नाई' असते काय?"

यावर देवेंद्रकुमारकडे पुरावा नव्हता.

"स्वस्तिक ठेवाचं तं बंदुका नाई," भागिरथीबाईंनी निकाल दिला. "अन् बंदुका ठेवाच्या तं स्वस्तिक पुसून टाक."

स्वस्तिकाला हात लावायची कुणाची छाती होती? बायांनी माना डोलावल्या. यात्रेकरूंनीही डोलावल्या. भागिरथीबाईंनी कमरेच्या पिशवीतून अडकित्ता काढला. कट्! कट्! कट्! आणि चौथी नळी कट् होऊन उडाली ती थेट पुंजाजींच्या नव्या बादलीत! ठण्ण!

"चांगला हाय आवाज बादलीचा," पुंजाजी म्हणाले.

देवेंद्रकुमारला रडू यायचंच बाकी होतं. कंपनीनं पहिल्यांदा विश्वास टाकला होता, अन् त्या विमानाचं नाक आता खुडलेल्या भेंडीसारखं दिसत होतं. तेही दौलतसिंगांच्या डोळ्यांदेखत! रुचिकाच्या हातातला मोबाइल हसण्यानं हलत होता, पण लाइव्ह काही तिनं बंद केलं नाही.

भागिरथीबाईंनी अडकित्ता पिशवीत टाकला आणि विमान उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. एक डोळा मिटून त्यांनी काचेतून आत पाहिलं.

"अरे, आत खुर्ची हाय! खुर्चीले पट्टा बी हाय! हे तुनं हातानं केलं?"

"हो आई."

"अन् हे घड्याळं? येवढेशे? काय हात हाय रे पोट्ट्या तुहा!"

देवेंद्रकुमार कॅमेरा विसरला, दौलतसिंगांना विसरला. आईच्या शेजारी मांडी घालून बसला आणि पट्टा कसा कापला, काटे कसे रंगवले, कंपनीनं किती सुरेख साचा पाडलाय, हे सगळं तिला सांगत सुटला. आई ऐकत होती. मधूनमधून "अगो माय" म्हणत होती. एवढं सुखाचं परीक्षण त्यानं आयुष्यात केलं नव्हतं.

दोन दिवसांनी, व्हिडिओ पाहून, कंपनीचं पत्र आलं. त्यांना भाषा कळली नव्हती, पण त्या आजींनी आमचं विमान ज्या मायेनं पाहिलं तसं कुणीच पाहिलं नाही, असं त्यांनी कळवलं होतं. पुढचं खोकं निघालंय! देवेंद्रकुमार उड्या मारायच्या बेतात होता, तेवढ्यात व्हिडिओखाली ती ओळ दिसली.

'फिनलंडच्या कोणत्या तुकडीने बिनबंदुकीचे मिर्स्की वापरले? चिन्हावर ठिपके व चंद्रकोर कोणत्या आधारे? पुरावा द्या. — दौलतसिंग.'

देवेंद्रकुमारनं सवयीनं चष्मा कपाळावर चढवला. मग खाली जाऊन आईकडे पाहून आला. ती सुपारी कातरत होती. तो वर आला आणि त्यानं लिहिलं:

'पुरावा: मातोश्री भागिरथीबाई. मुक्काम दुकानाच्या मागे. शंका असल्यास समक्ष येऊन विचाराव्यात.'

दुकानावरची पाटी अजून जागेवर आहे. दौलतसिंग एकाहत्तरच्या लढाईत होते म्हणे. शिरपूरला मात्र ते अजून आलेले नाहीत!